फुप्पीला फोटो सांगताना

फुप्पीचा फोन आला तेव्हा मी कामात होतो. महिनाअखेर, पुढ्यात हिशेबाचे तक्ते, आणि फुप्पीचा फोन म्हणजे अर्धा तास गेला हे ठरलेलं. कपाळाला आठी आलीच. फुप्पीला ती दिसायचा प्रश्न नव्हता. पण आठी दिसावी लागत नाही, ती ‘हं, बोल’मधून ऐकू जाते.

‘तेरे फोनपे फोटो आया क्या?’

आला होता. बार्शीच्या जुन्या घरातली पत्र्याची पेटी आवरताना आतेभावाला अब्बांच्या लग्नाचा फोटो सापडला आणि त्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकला. सकाळपासून त्याखाली ‘माशाअल्लाह’ आणि बदामांची रांग लागली होती. मीही एक बदाम टाकला होता. फोटो नीट पाहिला होता असं मात्र मी शपथेवर सांगू शकणार नाही.

फुप्पीची नजर काचबिंदूनं गेली त्याला आता सहा वर्षं झाली. आधी कडेचं दिसेनासं झालं, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, तिनंही नाही. मग समोरचंही गेलं. नातवानं तिच्या फोनमध्ये वाचून दाखवायची सोय सुरू करून दिली आहे, त्यामुळे मेसेज आला की फोन बोलतो. त्या दिवशी तो ‘फोटो’ एवढंच बोलला आणि गप्प झाला. तिनं घरात विचारलं. मुलगा म्हणाला, मामूच्या लग्नाचा आहे. सून म्हणाली, फार जुना आहे. नातू म्हणाला, खूप माणसं आहेत. तिघांचंही खरं होतं. पण तिच्यापुढं त्यातून काही उभं राहिलं नाही, म्हणून तिनं मला फोन लावला. ‘तू लिखता है ना,’ म्हणाली.

आणि मी लिहिणारा माणूस काय म्हणालो? ‘अब्बांच्या निकाहचा फोटो आहे. सेहरा आहे, काझीसाहेब आहेत, मांडव आहे, लोक बसलेत.’

‘वो मालूम है मेरेकू. दिखता क्या वो बोल.’

ते मला माहीत आहे, दिसतंय काय ते सांग. मी तक्ता बंद केला.

कुराणातल्या ऐंशीव्या सूरहचं नाव ‘अबस’, म्हणजे त्यानं कपाळाला आठी घातली. पैगंबरसाहेब मक्केतल्या बड्या लोकांशी बोलत असताना एक अंध माणूस काही विचारायला आला, त्यांना ते त्या क्षणी नकोसं झालं, आणि त्यावर आलेल्या या आयती आहेत. आलेल्या माणसाचं नाव परंपरेनं इब्न उम्मे मकतूम असं सांगितलं आहे. ही सूरह मी लहानपणी मदरशात पाठ केली. तिचा माझ्याशी काही संबंध असेल असं पन्नाशीपर्यंत वाटलं नव्हतं.

मी फुप्पीला आधी जे सांगितलं त्यात वर्णन नव्हतंच. ती नावं होती. निकाह, सेहरा, काझी ही नावं ऐकली की ऐकणारा आपल्या मनातल्या कोठारातून एकेक वस्तू काढून तिथं ठेवतो. फुप्पीच्या कोठारात खऱ्या वस्तू आहेत, म्हणून तिचं एक वेळ चालून गेलं असतं. पण हीच नावं मी ऑफिसातल्या मित्रांना सांगतो तेव्हा त्यांच्या कोठारात काय असतं? सिनेमा. १९६० चा ‘चौदहवीं का चाँद’, १९६३ चा ‘मेरे महबूब’, आणि त्यांच्या वळणावर नंतर आलेलं सगळं. लखनौ, झुंबरं, शेरवान्या, आदाब. यातलं काहीही बार्शी-पंढरपूरच्या अंगणात नव्हतं. ज्वारीची पोती होती, गुळाच्या ढेपी होत्या, आणि दालचा-खाना होता. ‘बिर्याणी काय मस्त असते रे तुमच्यात’ इथं आमच्या लग्नाचं वर्णन बहुतेक ठिकाणी सुरू होतं आणि तिथंच संपतं. दोष ऐकणाऱ्याचा आहेच, पण नुसती नावं सांगून मोकळं होणाऱ्या आमचाही आहे.

तर फोटो.

तो चौकोनी आहे, काळा-पांढरा, तळहातात मावेल एवढा, कडेनं पांढरी पट्टी. वरच्या उजव्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा डाग. फोटोत वर कापडी मांडव आहे आणि मांडवाला एक ठिगळ आहे. ठिगळाशेजारी पुन्हा फाटलंय, तिथून उन्हाचा एक कवडसा खाली सतरंजीवर पडलाय. मांडवाबाहेरचं अंगण उन्हानं नुसतं पांढरं झालंय, त्यात काही कळत नाही. मधोमध एक लाकडी पलंग, त्यावर चादर. पलंगावर नवरदेव बसलाय. डोक्यापासून पोटापर्यंत सेहरा. चेहरा दिसत नाही.

हे बोललो आणि मी थांबलो. ज्या फोटोला आम्ही सगळे ‘अब्बांचा फोटो’ म्हणतो त्यात अब्बांचा चेहराच नाही, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं. ते अब्बा आहेत हे मला फोटोनं नाही, घरानं सांगितलंय. मग मी हात शोधले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मुठी वळलेल्या, आणि उजव्या हाताचा अंगठा मुठीच्या आत. शेवटच्या आजारात दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघत ते असेच बसायचे, अंगठा मुठीत घेऊन.

‘अंगठा आत आहे?’ फुप्पीनं विचारलं.

‘आत आहे.’

‘मग घाबरलाय तो,’ म्हणाली आणि हसली. ‘सेहरा कशाचा दिसतो?’

पांढरी फुलं आहेत, एवढंच मी सांगू शकलो. बाकीचं तिनं सांगितलं. मोगरा होता, पंढरपुरातूनच घेतलेला, आणि दुपारपर्यंत उन्हानं काळा पडला होता. काझीसाहेब पलंगाच्या डाव्या अंगाला आहेत, जाड काड्यांचा चष्मा, मांडीवर निकाहची वही उघडी, पेनाचं टोपण दातांत धरलेलं. टोपण दातांत धरलेले काझी मी कुठल्या सिनेमात पाहिले नाहीत. सतरंजीवर अकरा जण बसलेत. अकरा हे मोजून सांगतो, आधी मी ‘खूप’ म्हणणार होतो. बहुतेकांच्या डोक्यावर टोप्या, एका पोराच्या डोक्याला हातरुमाल बांधलेला. बाकी सगळे वहीकडं बघतायत, तो एकटा कॅमेऱ्याकडं. त्याच्या पुढ्यात परात, तिच्यात खारका आणि बत्तासे असावेत. त्याचा एक हात परातीच्या काठावर आहे.

आणि नवरदेवाला अगदी खेटून, पलंगाच्या उजव्या अंगाला, पांढरी गांधी टोपी घातलेला, गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस.

इथं माझा आवाज जरा चढला असणार. पंढरपूर, निकाह, आणि नवरदेवाच्या मांडीला मांडी लावून वारकरी! याच्यावर एक आख्खा लेख होतो, असं मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू, पहिलं वाक्यही सुचलं होतं. मी फुप्पीला विचारलं, हे कोण? दादांचे दोस्त? मोहल्ल्यातले कुणी?

‘वो? वो ट्रकवाला.’

रेल्वे बंद होती ना, ती म्हणाली. एरवी बार्शीहून पंढरपूरला जायला बार्शी लाइट होती, कुर्डुवाडीवरून जाणारी छोटी गाडी. पण त्या दिवसांत संप होता, गाडीचा भरवसा नव्हता, म्हणून वऱ्हाड ट्रकमधून गेलं. भाडं अर्धं दिलं होतं आणि अर्धं राहिलं होतं. ते दादा देणार की अब्बा देणार याचा पत्ता लागेना, तेव्हा तो जाऊन नवऱ्याशेजारीच बसला. ‘पैसे मिळेपर्यंत हलला नाही. जेवला मात्र दोनदा.’

माझा लेख गेला, पण फोटोला तारीख मिळाली. मागची बाजू कोरी आहे, आणि लग्नाचं साल घरात कुणी बहात्तर सांगतं, कुणी पंचाहत्तर. देशभरचा रेल्वे संप ८ मे १९७४ ला सुरू झाला आणि २७ मेला मागे घेतला गेला. म्हणजे लग्न त्या वीस दिवसांतलं. अंगण पांढरं का पडलंय तेही कळलं.

त्या माणसाला मी प्रतीक करायला निघालो होतो. तो माणूसच होता, आपल्या पैशासाठी बसलेला, आणि माझ्या मते प्रतीकापेक्षा कितीतरी जास्त घरातला वाटणारा. आमच्याबद्दल दोन तऱ्हेचे लोक लिहितात. एकांना आम्ही भीतिदायक दिसायला हवे असतो, दुसऱ्यांना गोड. भाडं थकवणारे आणि थकलेलं भाडं वसूल करायला मांडवात येऊन बसू देणारे, हे दोघांच्याही उपयोगाचं नसतं.

मग फुप्पीनं विचारलं, ‘दादा दिसतात?’ दादा म्हणजे तिचे वडील. मी पुन्हा डावीकडून उजवीकडं एकेक चेहरा सांगत गेलो. दादा नव्हते. मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिला उलट खात्री पटल्यासारखी झाली. दादा फोटो काढायच्या विरुद्ध होते. तस्वीर नको, फरिश्ते येत नाहीत अशा घरात, असं त्यांचं मत होतं. फोटोवाला आणला होता अम्मीच्या भावानं. त्यानं कॅमेरा काढला तसे दादा उठले आणि मागं देगीपाशी जाऊन उभे राहिले.

फोटो चालतो की नाही यावर आमच्यात अजूनही वाद होतात, आणि हज, पासपोर्ट, आधार यांच्यासाठी सगळ्यांचेच फोटो निघून गेल्यावर त्या वादात आता फारसा दम राहिलेला नाही, असं माझं मत आहे. पण त्यातली एक गोष्ट मला तेव्हा आठवली. तस्वीर नको म्हणणाऱ्या परंपरेनंच शब्दांनी माणूस उभा करण्याची कला जपली. नवव्या शतकात इमाम तिर्मिझींनी ‘शमाइल’ संकलित केलं. पैगंबरसाहेब दिसायला कसे होते, उंची, केस, खांदे, चाल, हसणं, हे ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांच्या तोंडून तिथं नोंदलेलं आहे. पुढं तुर्कस्तानात या वर्णनांची सुलेखनं घराच्या भिंतीवर लावू लागले, त्यांना हिल्या म्हणतात. सतराव्या शतकातला हाफिज उस्मान त्यातला मोठा उस्ताद. जिथं दुसरे चित्र लावतील तिथं मजकूर. आणि त्या वर्णनांची एक गंमत अशी की त्यांत ‘नाही’ बऱ्याच वेळा येतं. फार उंच नाही, ठेंगणे नाहीत. केस अगदी कुरळे नाहीत, अगदी सरळही नाहीत. सांगणारा ऐकणाऱ्याच्या मनातली चुकीची चित्रं एकेक करून काढून घेतो आणि मग जे उरतं त्यावर बोट ठेवतो.

दादांनी हा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. ते मटणाकडं लक्ष ठेवायला गेले असतील, हेही शक्य आहे.

आता फुप्पी गप्प झाली. मला कळलं पुढचा प्रश्न कोणता येणार.

‘मैं?’

ती तेव्हा तेरा वर्षांची होती. मी फोटो मोठा करून करून पाहिला. अकरा पुरुष, एक पोर, काझी, नवरदेव, मागं घराची भिंत, भिंतीत दार, दाराला पडदा म्हणून खिळ्यांनी ठोकलेली चादर. एकही बाई नाही. फुप्पी नाही. आणि माझी अम्मी, जिचं हे लग्न आहे, तीही नाही. त्या काळच्या रोलमध्ये बारा फोटो निघायचे. बाकीच्या अकरात काय होतं आता कुणाला माहीत नाही. घरात राहिलेला हा एकच, आणि यात नवरी नाही.

‘आहेस ना, तिथं मागं,’ असं म्हणायला काय लागत होतं? तिला कुठं दिसणार होतं? मला वाटतं, न दिसणाऱ्या माणसाला आपण सगळे असंच सांगतो. ‘छान दिसतेयस’, ‘सगळे हसतायत’. आणि त्याला दिलासा म्हणतो. पण ती माझ्या डोळ्यांनी बघायला आली होती. तिथं मी हातचलाखी केली असती तर मोगऱ्यापासून कवडशापर्यंत आधी सांगितलेलं सगळंच तिनं पुन्हा तपासायचं कशाच्या जोरावर?

मी म्हणालो, ‘नाही. बायका कुणीच नाहीत.’

‘दाराचा पडदा आहे?’

‘आहे.’

‘त्याच्या खाली बघ.’

चादर जमिनीपर्यंत पोचत नव्हती. खाली वीतभर अंधारी फट होती, आणि तिच्यात पाय होते. मी मोजले. सात दिसले, आठवा असेल-नसेल. एका पायात पैंजण असावं, किंवा ते छापातलं खरचटणंही असेल. एक जोडी लहान वाटली.

‘वो मेरे,’ फुप्पी म्हणाली.

मी म्हणालो, ‘असतील.’ ‘आहेत’ म्हणालो नाही. तिनंही आग्रह धरला नाही.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. एक असतं दिसतं ते, एक असतं ठाऊक आहे ते, आणि एक वाटतं ते. फोटो सांगताना आपण तिन्हींचा काला करतो. अंगठा मुठीत आहे हे दिसतं. ते अब्बा आहेत हे ठाऊक आहे. ते घाबरलेत हे फुप्पीला वाटतं. तिन्ही सांगावं, पण कुठलं काय ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणजे त्याला स्वतःचं मत करता येतं. फेसबुकनं २०१६ मध्ये यंत्राकडून फोटो वाचून घ्यायला सुरुवात केली. ते यंत्र तीन माणसं, हसू, बाहेर असं मोघम बोलायचं. आताची यंत्रं ऐसपैस बोलतात, पण ‘असावं’ म्हणायला अजून पुरती शिकलेली नाहीत. खात्रीनं चुकतात. आतेभावानं हा फोटो एकाला दाखवला तर त्यानं सेहऱ्याखाली नवरीच बसवली.

पडदा लागल्यावर मग फुप्पी बोलायला लागली आणि मी ऐकणारा झालो. पडद्याच्या आतलं तिनं सांगितलं. आत अंधार होता आणि बाहेरून आलं की काही दिसायचं नाही. अम्मीला खाली घोंगडीवर बसवलं होतं, लाल शालू, गळ्यात काळी पोत अजून पडायची होती. वकील आणि दोन साक्षीदार रजा घ्यायला दाराशी आले. मेहेर पाचशे पंचवीस रुपये, कबूल आहे का, असं त्यांनी विचारलं. नवरीनं आधी रडायचं, मग दुसऱ्यांदा विचारल्यावर मान हलवायची, तिसऱ्यांदा कुणीतरी कोपरानं ढोसल्यावर तोंडातल्या तोंडात हूं म्हणायचं, अशी रीत. अम्मी पहिल्याच वेळी ‘हां’ म्हणाली, मांडवात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. बायकांनी पदर तोंडाला लावले. तिच्या आईनं तिला चिमटा काढला. वकील बाहेर जाऊन म्हणाले, दुसऱ्यांदा विचारायची गरज नाही, अख्ख्या पंढरपूरनं ऐकलंय.

अम्मी जाऊन तीन वर्षं झाली. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कशावरून, तिचा लग्नाचा फोटोच नव्हता.

आजच्या लग्नात हजार फोटो निघतात, वरून ड्रोन फिरतो, नवरीला कॅमेऱ्यापुढं तासभर उभी करतात, पुढं सगळं पेनड्राइव्हमध्ये जातं आणि पेनड्राइव्ह कपाटात. मला त्याबद्दल तक्रार नाही. नवरी फोटोत आली हे चांगलंच झालं. माझं म्हणणं एवढंच की घरातला एक जुना फोटो काढा, ज्याला दिसत नाही किंवा आता नीट दिसत नाही अशा कुणापुढं बसा आणि तो डावीकडून उजवीकडं सांगा. काका-मामा अशी नाती मागाहून, आधी हात, पाय, टोप्या, ठिगळं. कोण नाही तेही सांगा. आणि फोटो फोनवर पाठवताना बदामाऐवजी खाली चार ओळी लिहा. वेबसाइटवर चित्राबरोबर मजकूर द्यावा हे तर १९९९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतलं पहिलं कलम आहे. मराठीत लिहिणारे आपण ते पाळत नाही. या लेखातही मी फोटो लावलेला नाही. लावला असता तर तुम्ही वाचलं नसतं, नुसतं पाहिलं असतं.

मागच्या महिन्यात बार्शीला गेलो तेव्हा मूळ फोटो हातात घेतला. मागच्या कोऱ्या बाजूवर मऊ पेन्सिलनं लिहायला बसलो. फुप्पी सांगत होती. मी ‘मे १९७४, पंढरपूर, रेल्वे संप’ लिहिलं आणि पुढच्या ओळीतल्या माणसांपासून सुरुवात करणार होतो. ती म्हणाली, आधी पडद्यामागच्यांची लिही. पहिलं नाव अम्मीचं. मग अम्मीच्या आईचं, दोन खालांचं, शेजारणीचं. फुप्पीनं स्वतःचं नाव शेवटी सांगितलं. एक बाई आणखी होती, जिनं अम्मीला मेंदी लावली, ती कुर्डुवाडीची, तिचं नाव काही केल्या येईना. तेवढी जागा मी सोडली आहे. ट्रकवाल्याचं नाव मात्र तिला पक्कं आठवलं, आणि राहिलेलं भाडंही. पंचाहत्तर रुपये.